गाण्याआधी वीज ऐकावी

रात्री घर शांत झाले की अँप्लिफायर चालू करावा, त्यावर काहीही न लावता आवाजाची खुंटी नेहमीच्या जागेवर आणावी आणि कान स्पीकरच्या जाळीला लावावा. बारीक ‘स्स्’ ऐकू आला तर काळजीचे कारण नाही. तो अँप्लिफायरच्या आतल्या भागांचा आवाज असतो आणि हातभर अंतरावर विरून जातो. पण ‘घूं’ किंवा ‘झर्र’ ऐकू आला, तर तो घरातल्या विजेचा आवाज आहे, आणि खुर्चीत जाऊन बसल्यावरही तो पाठ सोडत नाही.

आपली वीज ५० हर्ट्‌झची. तिचा कंप सरळ आत शिरला तर ५० हर्ट्‌झची खोल घूं येते. अँप्लिफायरमध्ये तिचे डीसी होताना काही राहून गेले तर १०० हर्ट्‌झची, जरा कर्कश. शंभर हर्ट्‌झ म्हणजे हार्मोनियमवर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर, कारण पांढरी पाच तिथे ९८च्या आसपास असते. ढोल-ताशा किंवा सिनेमातल्या मारामारीत ही घूं कळत नाही. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला, जुळलेल्या तानपुऱ्यांवर गायक पहिला षड्ज लावतो तेव्हा मात्र ती कधीच न जुळणाऱ्या तिसऱ्या तानपुऱ्यासारखी वाजत राहते. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या घरांत या दोषाची तक्रार जास्त असते ती त्यामुळेच.

तक्रार घेऊन दुकानात गेले की पुढ्यात येतात ती पेटाऱ्याएवढी यंत्रे: पॉवर कंडिशनर, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, रीजनरेटर, बोटाएवढ्या जाडीच्या वायरी. ‘वीज शुद्ध करा’ ही हाक जगभर आहे. २०१६ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने जपानमधल्या संगीतवेड्यांवर एक लेख छापला होता. त्यातल्या टोकियोच्या एका वयोवृद्ध वकिलांनी सुमारे दहा हजार डॉलर खर्चून अंगणात स्वतःचा विजेचा खांब आणि त्यावर स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवून घेतला होता. त्यांच्या कानांना फरक जाणवला असेल, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण टोकियोत अर्थिंग, न्यूट्रल आणि व्होल्टेज यांची रोजची काळजी करावी लागत नाही. महाराष्ट्रातल्या घरात ती आधी करावी लागते. इथे खर्चाचा क्रम उलटा असायला हवा: मल्टीमीटर पहिला, वायरमन दुसरा, आणि ट्रान्सफॉर्मर त्यानंतर.

मल्टीमीटर साधा चालतो, फक्त त्याचे प्रोब चांगल्या इन्सुलेशनचे हवेत. ज्या सॉकेटवर अँप्लिफायर आहे तिथे तीन मापे घ्यायची: फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थिंग, न्यूट्रल आणि अर्थिंग. सॉकेटमध्ये प्रोब घालण्याची सवय नसेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे; पाच मिनिटांचे आहे. पहिली दोन मापे जवळजवळ सारखी, २३०च्या आसपास यावीत. तिसरे एक ते तीन व्होल्टच्या घरात असावे. फेज आणि अर्थिंग यांच्यात शंभर-सव्वाशे किंवा वरखाली नाचणारा आकडा दिसला, तर अर्थिंगची पिन कुठेच जोडलेली नाही असे समजावे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तर हे आढळतेच, पण नव्या इमारतींतही आढळते: सॉकेटला तिसरे भोक असते, मागे हिरवी वायर नसते.

न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये पूर्ण शून्य आले, आणि घरात गीझर-इस्त्री चालू केल्यावरही ते शून्यच राहिले, तर आनंद मानू नये. कोणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये वायरचा तुकडा टाकून ‘अर्थिंग दिले’ असण्याची दाट शक्यता आहे. त्या सॉकेटचा न्यूट्रल बोर्डाच्या बाजूला कुठे सुटला, तर अँप्लिफायरच्या लोखंडी पेटीवर थेट २३० व्होल्ट येतात. असा तुकडा दिसला तर त्याच दिवशी काढून टाकावा.

अर्थिंग नसल्याची खूण मीटरशिवायही कळते. अँप्लिफायरच्या पेटीवरून किंवा लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली की झिणझिण जाणवते. आजच्या बहुतेक उपकरणांत वीज आत येते तिथेच एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरचा गोंगाट अर्थिंगमध्ये सोडून देतात. अर्थिंगच नसेल तर या दोन कपॅसिटरांच्या मधला बिंदू, म्हणजेच पेटी, निम्म्या व्होल्टेजवर, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगतो. त्यातून वाहू शकणारा प्रवाह अगदी थोडा असल्याने फक्त झिणझिण होते. पण जो गोंगाट जमिनीत जायचा तो आता वाट शोधत आरसीए केबलच्या जाळीतून दुसऱ्या उपकरणाकडे जातो, आणि स्पीकरमध्ये ‘झर्र’ म्हणून ऐकू येतो. महागडा कंडिशनरही आतून बहुधा असाच फिल्टर असतो. अर्थिंग नसलेल्या घरात तो लावला तर कधीकधी झर्र वाढते ती याच कारणाने.

सोसायटीचे अर्थिंग कसे आहे हे विचारायला संकोच करू नये. इमारतीच्या कडेला मीटर-खोलीजवळ सिमेंटची छोटी चौकट आणि त्यावर झाकण असते. आत पाइप किंवा पट्टी दिसते. भारतीय मानक ३०४३ मध्ये अर्थिंगचे सगळे नियम दिलेले आहेत. कोकणातल्या जांभ्यात आणि देशावरच्या काळ्या पाषाणात जमीन विजेला सहज वाट देत नाही. मार्च ते मे ती आणखी कोरडी पडते. त्यामुळे पावसाळ्यात गप्प असलेला अँप्लिफायर कधीकधी उन्हाळ्यात घूं करू लागतो. कोळसा-मिठाच्या जुन्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची पद्धत होती आणि ती बरोबर होती. नव्या केमिकल अर्थिंगलाही लक्ष द्यावेच लागते. फक्त संगीतासाठी अंगणात वेगळी सळई ठोकून ती घराच्या अर्थिंगला न जोडता वापरणे मात्र धोक्याचे आहे. जवळपास वीज पडली तर दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो फरक भरून निघतो तो उपकरणांमधून. वेगळी सळई हवीच असेल तर ती मूळ अर्थिंगला जाड तांब्याने जोडलेली असली पाहिजे.

अर्थिंग ठीक आहे आणि तरीही घूं येते, अशा घरांत बहुतेक वेळा दोषी असतो तो अर्थ लूप. दोन उपकरणे अर्थिंगला दोन वेगळ्या वाटांनी जोडलेली असतात आणि त्यांना जोडणारी सिग्नलची केबल त्या वाटांचे वर्तुळ पूर्ण करते. दोन अर्थिंगमध्ये एखाद्या व्होल्टचा फरक असला तरी त्या वर्तुळातून प्रवाह वाहतो, आणि त्यातला काही भाग गाणे समजून वाढवला जातो.

हा लूप शोधण्यासाठी उपकरण विकत घ्यावे लागत नाही. स्पीकर तेवढे जोडलेले ठेवून अँप्लिफायरच्या मागच्या सगळ्या सिग्नल केबल काढाव्यात. घूं थांबली तर अँप्लिफायर निर्दोष आहे. मग एकेक केबल परत लावत जावे. प्रत्येक वेळी अँप्लिफायर बंद करावा, केबल लावावी, पुन्हा चालू करावा. टीव्हीची केबल लावताच घूं सुरू झाली, तर ती तशीच ठेवून सेट-टॉप बॉक्सच्या पाठीमागची केबलवाल्याची काळी वायर फिरवून सोडावी. पुष्कळ घरांत त्या क्षणी खोली एकदम गप्प होते. ती काळी वायर शेजारच्या गच्चीवरून, खांबावरच्या बूस्टरमधून आलेली असते. तिची जाळी तिथल्या अर्थिंगला टेकलेली असते आणि अँप्लिफायरची तीन पिनी वायर घरातल्या. वर्तुळ असे गावभर फिरून हॉलमध्ये पूर्ण होते.

इथे जाणकारांचाही घोटाळा होतो. या लूपवर विजेच्या बाजूचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर काहीच करू शकत नाही. सुरक्षिततेसाठी अर्थिंगची वायर ट्रान्सफॉर्मरमधून सरळ पलीकडे गेलेलीच असते, आणि लूप तर त्याच वायरीतून होतो. उपाय सिग्नलच्या बाजूला आहे. टीव्हीपासून अँप्लिफायरपर्यंत ऑप्टिकल केबल टाकली की मधे विजेचा दुवाच उरत नाही, प्रकाश जातो. केबल टीव्हीच्या वायरीवर छोटा आयसोलेटर बसवता येतो. डिशच्या वायरीवर मात्र नाही, कारण छतावरच्या एलएनबीला वीज त्याच वायरीतून जाते आणि आयसोलेटर ती अडवतो. आरसीए केबलवर बसवायचे छोटे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मिळतात. अमेरिकेतल्या जेन्सनसारखे चांगले नग खर्जाला धक्का लावत नाहीत. गाडीच्या स्टिरिओसाठी मिळणारे स्वस्त नग पखवाजाचा घुमारा पातळ करून टाकतात. लॅपटॉपमुळे घूं येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहावे. थांबली तर कारण सापडले.

आणि सगळी उपकरणे एकाच बोर्डावर आणावीत. एक उपकरण या भिंतीवर, दुसरे त्या भिंतीवर, असे असले की लूप मोठा होतो. डिस्ट्रिब्युशन बोर्डापासून संगीताच्या कोपऱ्यापर्यंत २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र लाइन, तिला स्वतःचा सी-कर्व्ह एमसीबी आणि शेवटी घट्ट पकडणारे चांगल्या कंपनीचे सॉकेट, एवढे काम झाले की पुष्कळ घरांत पुढचे काही लागत नाही. बी-कर्व्ह एमसीबी टोरॉइडल, म्हणजे गोल कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर असलेला मोठा अँप्लिफायर चालू करताना क्षणभराच्या झटक्यानेच पडू शकतो. प्लगची तिसरी पिन कापून लूप तोडण्याचा सल्लाही काही जण देतात. त्याने घूं थांबते, आणि आत कधी फेज पेटीला टेकला तर तो वाहून नेणारी एकमेव वाटही बंद होते. ही पिन कधीही कापू नये.

आता आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये २९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरडेने लोखंडी कड्यावर तारांची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली आणि एकातला प्रवाह बदलताच दुसऱ्यात वीज उमटलेली पाहिली. दोन वेटोळ्यांत तांब्याचा कुठेही जोड नव्हता. होते ते फक्त लोखंडातले चुंबकत्व. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हा त्याच प्रयोगाचा वंशज आहे: २३० आत, २३० बाहेर, आणि मधे तारेचा संबंध नाही.

पुण्यात बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या परिसरात ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे कारागीर आहेत. तयार नग घेण्यापेक्षा असा करून घेणे बरे, कारण काय हवे ते सांगता येते. बॉबिनवर आधी प्रायमरीची, म्हणजे वीज आत येते त्या वेटोळ्याची, एनॅमलची तार थरावर थर बसते आणि प्रत्येक थरावर कागद किंवा पॉलिएस्टरची फिल्म येते. प्रायमरी संपली की तिच्यावर तांब्याच्या पातळ पत्र्याचा एक वेढा येतो. याला फॅरडे शील्ड म्हणतात आणि खरा खेळ या पत्र्याचा आहे. पत्र्याची दोन टोके एकमेकांवर येतात, पण मधे इन्सुलेशन असते, ती एकमेकांना टेकत नाहीत. टेकली तर तो शॉर्ट झालेला एक वेढा बनतो आणि ट्रान्सफॉर्मर तापून जळतो. या पत्र्यापासून एकच वायर बाहेर येते, ती अर्थिंगला. मग वर सेकंडरी, म्हणजे वीज बाहेर जाते ते वेटोळे. शेवटी लोखंडाच्या ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पट्ट्या आलटून-पालटून भरतात, आणि सगळे वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवतात. वार्निश नीट मुरले नाही तर पट्ट्या कंप पावतात आणि ट्रान्सफॉर्मर स्वतःच घूं करतो.

शील्ड कशासाठी, हे समजले की हा ट्रान्सफॉर्मर काय करतो आणि काय करत नाही तेही समजते. विजेवरचा गोंगाट दोन प्रकारे येतो. एक, फेज आणि न्यूट्रल या दोन्हींवर सारखाच, अर्थिंगच्या तुलनेत; त्याला कॉमन मोड म्हणतात. दुसरा, फेज आणि न्यूट्रलच्या मधला. पहिल्या प्रकाराला चुंबकत्वातून पलीकडे जाता येत नाही. तो दोन वेटोळ्यांमधल्या कपॅसिटन्समधून उडी मारतो, आणि ती उडी शील्ड अडवून अर्थिंगकडे वळवते. लिफ्टच्या मोटरचे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, शेजारच्या वर्कशॉपमधले वेल्डिंग, घरभरचे स्वस्त चार्जर यांचा बराच गोंगाट या पहिल्या प्रकारचा असतो. तिथे हा ट्रान्सफॉर्मर मनापासून काम करतो. दुसऱ्या प्रकाराला तो थोडासाच बोथट करतो. आणि व्होल्टेज? आत १९० आले तर बाहेरही १९०च्या आसपासच जाणार.

वेटोळ्यांमधल्या या कपॅसिटन्समुळेच टोरॉइडल आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर दिसायला देखणा आणि वजनाला हलका असला तरी गोंगाटासाठी दुय्यम ठरतो. त्याच्यात दोन वेटोळी एकमेकांवर लांबलचक पसरलेली असतात, त्यामुळे त्यांच्यातला कपॅसिटन्स जास्त. प्रायमरी आणि सेकंडरी शेजारी-शेजारी, वेगळ्या खणांत गुंडाळलेला साधा ई-आय नग या कामात सरस.

कारागिराला दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. प्रायमरी २७० व्होल्टला पुरेल अशी गुंडाळायला सांगावी. म्हणजे रात्री व्होल्टेज चढले तरी लोखंड संपृक्त होत नाही, ट्रान्सफॉर्मर गप्प राहतो आणि चालू करताना झटका कमी बसतो. आणि सेकंडरीला २२० व २३० असे दोन टॅप मागावेत. भार पडल्यावर थोडे व्होल्ट उतरतात म्हणून कारागीर सेकंडरी मुद्दाम २४०ची करतात. गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या (डीपीच्या) जवळ असलेल्या घरात, जिथे रात्री मुळात २४५ येतात, तिथे ही भर अँप्लिफायरला सोसवेलच असे नाही.

किती व्हीएचा घ्यावा? उपकरणांच्या पाठीवर लिहिलेले वॉट मिळवावेत आणि आलेल्या आकड्याच्या अडीच-तीन पट घ्यावा. अँप्लिफायर सबंध लहरीतून सारखी वीज ओढत नाही, प्रत्येक लहरीच्या माथ्यावर थोडा वेळ मोठा घोट घेतो. ट्रान्सफॉर्मर लहान असेल तर नेमका तो माथा सपाट होतो, आणि संगीत जोरात असताना जीव गेल्यासारखे वाटते. पाठीवर २०० वॉट लिहिलेला स्टिरिओ अँप्लिफायर, एक प्लेअर आणि एक डॅक (डिजिटल सिग्नलचे अ‍ॅनालॉग करणारे उपकरण) यांना ७५० व्हीए ते एक केव्हीए पुरतो. एक केव्हीएचा नग दहा-पंधरा किलोचा असतो, फळीची खात्री करून घ्यावी. तो रिकामा चालू राहिला तरी वीस वॉट सहज खातो. दिवसरात्र ठेवला तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट. ऐकून झाले की बंद करावा. शिवाय तो रेकॉर्ड प्लेअरपासून निदान मीटरभर लांब ठेवावा, नाहीतर त्याचे चुंबकत्व पिकअपमध्ये शिरते आणि विकत आणलेल्या उपायानेच नवी घूं सुरू होते.

सुरक्षिततेचा मुद्दा इथे सर्वात महत्त्वाचा, आणि दुकानात तो क्वचितच सांगितला जातो. घराच्या बोर्डावरचा आरसीसीबी फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत येतो की नाही हे पाहतो आणि ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की वीज तोडतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे काही बिघडले तर ती तफावत त्याला दिसत नाही. सेकंडरी तरंगती ठेवली तर एका वायरीला हात लागून शॉक बसत नाही हे खरे, पण एखाद्या उपकरणातला पहिला बिघाड कोणालाच कळत नाही आणि दुसरा जिवावर बेततो. एकापेक्षा जास्त उपकरणे जोडायची असतील तर सेकंडरीचे एक टोक अर्थिंगला पक्के जोडून त्याला नवा न्यूट्रल करावे आणि त्यापुढे स्वतंत्र आरसीसीबी बसवावा. याने न्यूट्रल आणि अर्थिंगमधले ते दोन-तीन व्होल्टही जवळजवळ शून्य होतात. ही जोडणी फक्त सेकंडरीकडे करायची, प्रायमरीकडे कधीच नाही, आणि परवानाधारक वायरमनच्याच हातून.

काही वेळा घूं स्पीकरमधून येत नाही, अँप्लिफायरच्या पेटीतूनच येते. स्पीकरच्या वायरी काढल्या तरी ती चालू राहते, आणि शेजारी कोणी हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर लावला की वाढते. काही ड्रायर अर्ध्या वेगासाठी एका डायोडमधून वीज घेतात, म्हणजे लहरीची एकच बाजू. त्याने लाइनवर थोडे डीसी येते. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरला काही शे मिलिव्होल्ट डीसीही सोसत नाही. लोखंड एका बाजूला भरून जाते आणि तो थरथरतो. यावर डीसी ब्लॉकर नावाचे छोटे सर्किट मिळते. ई-आय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही डीसी पलीकडे जाऊ देत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

पंख्याच्या रेग्युलेटरकडे मात्र कोणी बघत नाही. सलग फिरणाऱ्या खुंटीचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक लहर मधेच कापतो आणि त्या कापण्याची ‘झर्र’ घरभर पसरते. पंखा एक ते चारच्या दरम्यान असताना आवाज येतो आणि पाचवर थांबतो, असे असेल तर रेग्युलेटर बदलावा. कपॅसिटरवर चालणारा, टकटक पायऱ्यांचा रेग्युलेटर आणला की काम झाले. जे काम एवढ्याशा खर्चात होते त्यासाठी वीस किलोचा ट्रान्सफॉर्मर घेऊ नये.

व्होल्टेजचा प्रश्न निराळा. उपकरणे बनवताना साधारण दहा टक्के चढउतार धरलेला असतो, म्हणजे २०७ ते २५३. शेतीपंपांच्या भागात संध्याकाळी १७०-१८०वर दिवे मिणमिणतात, आणि पंप बंद झाले की व्होल्टेज एकदम उसळते. तिथे सर्वो स्टॅबिलायझर चांगला. रिलेचा स्टॅबिलायझर टकटक पायऱ्या बदलतो आणि ती टक् स्पीकरमध्ये येते. दोन्ही प्रकार बहुधा ऑटो ट्रान्सफॉर्मरवर चालतात, त्यांच्यात आयसोलेशन नसते. जोसेफ सोला यांनी १९३८ साली आणलेला सीव्हीटी, म्हणजे कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर, दोन्ही कामे करतो. पण त्याचे लोखंड मुद्दामच संपृक्त ठेवलेले असते, त्यामुळे तो गरम होतो आणि घूं करतो. गाण्याच्या खोलीत नको, बाहेरच्या पडवीत ठेवून वायर आत आणावी. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चांगला अँप्लिफायर लावूच नये: साइन लहरीचा माथा ३२५ व्होल्टवर असतो, चौकोनी लहरीचा २३०च्या आसपासच, आणि अँप्लिफायर माथ्यावर जगतो.

अमेरिकेहून परतताना अनेक मराठी कुटुंबे १२० व्होल्टचा अँप्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर बरोबर आणतात. जपानचे जुने १०० व्होल्टचे अँप्लिफायरही इथल्या बाजारात फिरतात. त्यांच्यासाठी मिळणारे स्टेप-डाउन बहुतेक ‘ऑटो’ असतात. त्यात एक वायर दोन्हीकडे सामाईक असते, आणि सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर १२० व्होल्टच्या उपकरणाच्या दोन्ही वायरी जमिनीपासून शंभराहून जास्त व्होल्टवर बसतात. कारागिराकडे ‘डबल वाइंडिंग’, शील्डसह, असे स्पष्ट सांगून करून घ्यावा. व्होल्टेज उतरवणे आणि आयसोलेशन, दोन्ही एकाच खर्चात होते. ६० हर्ट्‌झसाठी बनवलेला अमेरिकी ट्रान्सफॉर्मर ५०वर चालवला तर त्याच्या लोखंडावर वीस टक्के जास्त भार येतो, म्हणून अशा उपकरणाला १२०ऐवजी ११० देणे बरे. जपानी उपकरणांना ही अडचण सहसा येत नाही, कारण जपानच्या पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्‌झ आहे.

रेकॉर्ड प्लेअरची मोटर मात्र कोणत्याही ट्रान्सफॉर्मरने सुधारत नाही. सिंक्रोनस मोटर हर्ट्‌झवर फिरते. ६०साठीचा प्लेअर इथे ३३⅓ऐवजी सुमारे २७.८ फेरे घेतो, आणि काळी एकमध्ये गाणारा गायक खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली गाऊ लागतो. त्याला ५० हर्ट्‌झची पुली किंवा वेगळा मोटर ड्राइव्ह लागतो.

एवढे सगळे झाल्यावरही महागडा कंडिशनर घ्यावासा वाटला, तर दुकानदाराकडून चार दिवस वापरायला मागून आणावा. घरच्या कोणाला तरी पडद्याआड तो लावायला-काढायला सांगावा, आवाजाची खुंटी तीच ठेवावी, आणि कधी लावला होता ते दहा वेळा ओळखून पाहावे. निम्म्याच वेळा बरोबर आले तर पैसे स्पीकरसाठी किंवा चांगल्या ध्वनिमुद्रणांसाठी राखून ठेवावेत. चांगल्या अँप्लिफायरचा पॉवर सप्लाय विजेवरच्या पुष्कळ उणिवा स्वतःच गिळतो. त्याला मदतीची गरज नसते तिथे मदत ऐकू येत नाही.

दोन संरक्षणे मात्र ऐकू न येताही घ्यावीत. पहिले, जास्त-कमी व्होल्टेजला वीज तोडणारे यंत्र. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल खांबावर किंवा मीटर-खोलीत तुटला की एका घरात २३०ऐवजी साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत काहीही येऊ शकते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर ते निमूटपणे पुढे पाठवतो. बोर्डात बसणारा छोटा प्रोटेक्टर २६५-२७०च्या वर गेल्याबरोबर तोडतो आणि वीज स्थिर झाल्यावर काही मिनिटांनी परत जोडतो. दुसरे, बोर्डाशीच बसवलेला टाइप-२ सर्ज प्रोटेक्टर. त्यातले व्हॅरिस्टर प्रत्येक मोठ्या झटक्यानंतर थोडे थोडे झिजतात, म्हणून त्यावरची खिडकी हिरवी आहे ना हे पावसाळ्याआधी पाहावे. त्याचीही भिस्त अर्थिंगवरच आहे, आणि त्याच्या वायरी जितक्या आखूड तितका तो कामाचा.

वळवाच्या पावसात मे-जूनमध्ये आणि पुन्हा परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये गडगडाट जवळ आला की यातले कोणतेच यंत्र पुरेसे नसते. तेव्हा अँप्लिफायरचा प्लग सॉकेटमधून ओढून काढावा. नुसते बटण बंद करणे पुरत नाही, कारण बटणातली फट दोन-तीन मिलिमीटरची असते. त्याच वेळी टीव्हीची काळी वायर, डिशची वायर आणि इंटरनेटची लॅन केबलही काढावी. बऱ्याच घरांत विजेचा प्लग काढलेला असतो आणि अँप्लिफायर जळतो तो लॅनच्या वाटेने.